घोडा कसा चालते, ते सांग आधी

28 जुलै 2025. श्रावणातला पहिला सोमवार. आमच्या वऱ्हाडातल्या शिरपुरात बसस्टँडजवळच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण एका मोबाइलवर माना खुपसून उभे होतो. उपवासवाले चहावर भागवत होते. तिकडे जॉर्जियातल्या बाटुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाचा टायब्रेकर रंगला होता. एका बाजूला कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. वय 19. शेवटचा डाव ती काळी मोहरी घेऊन खेळत होती.

पडद्यावर पट होता, दोघींची घड्याळं होती, दोघींचे चेहरे होते. पण त्यातलं काहीच कोणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पटाच्या कडेच्या एका उभ्या पट्टीवर. अर्धी पांढरी, अर्धी काळी. इंजिन, म्हणजे चाली तोलणारा प्रोग्रॅम, ती थर्मामीटरातल्या पाऱ्यासारखी खाली-वर करत होता. काळं वाढलं की दिव्या वरचढ, पांढरं वाढलं की हंपी. शंकरपटात जाऊन बैलांकडे पाठ करून फक्त घड्याळ बघत बसावं, तसला प्रकार.

मध्येच पट्टी हलली आणि कॉलेजातलं एक पोरगं ओरडलं, "गेली! ब्लंडर मारला ना बावा तिनं! हातातली गेम घालवली!"

मी विचारलं, "कोणती खेळी चुकली रे?"

"ते मले काय माहीत? बार पाह्यना काका."

"बरं, मंग घोडा कसा चालते, ते सांग."

पोरगं हसलं. "अडीच घर."

"मोबाइलवर बोट ठेवून दाखव."

त्यानं बोट ठेवलं आणि घोड्याला उंटासारखं तिरपं पळवलं. टपरीवाला हसला, पोरगं चिडलं, आणि तेवढ्यात दिव्या जिंकली. अडीच विरुद्ध दीड. विश्वचषक आला, ग्रँडमास्टरचा किताबही आला. हा किताब मिळवणारी ती भारतातली 88 वी. टपरीवर टाळ्या पडल्या. ते पोरगंही नाचलं. पण गाडीला किक मारताना म्हणालं, "तशी इंजिनच्या हिशोबानं गेम काही खास नव्हती."

माझं डोकं त्या वाक्यावर फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

माणूस यंत्राकडून हरला, याचं सोयरसुतक मला नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यावरच्या बाईला 'तू हरलीस' असं कोणी म्हटलं नव्हतं. तिचे हात सुटले, एवढंच झालं. बुद्धिबळात मात्र आपण उलटं केलं. गिरणी आणली आणि तिच्याशेजारी बाईला जातं घेऊन बसवलं. तिचं पीठ जरा जाडं आलं की खिदळायला आपण मोकळे. खिदळणाऱ्यानं आयुष्यात कधी मूठभर जोंधळा दळलेला नसतो.

या बघेगिरीची सुरुवातच मुळात जाहिरातीनं झाली. फेब्रुवारी 1996 मध्ये फिलाडेल्फियात गॅरी कास्पारोव्हनं आयबीएमच्या डीप ब्लूला 4-2 असं हरवलं. कंपनीनं यंत्र पुन्हा घडवलं आणि मे 1997 मध्ये न्यूयॉर्कला दुसरा सामना लावला. सेकंदाला 20 कोटी स्थिती तपासणारं ते धूड साडेतीन विरुद्ध अडीच असं जिंकलं. शेवटचा डाव 19 चालींत आटोपला. दुसऱ्या दिवशी जगभर 'यंत्रानं माणसाला हरवलं'. कास्पारोव्हनं पुन्हा सामना मागितला, तेव्हा कंपनीनं यंत्र मोडीत काढून ठेवलं. लग्नात मिरवायला घोडा भाड्यानं आणतात आणि वरात संपली की परत धाडतात, त्यातली गत.

त्या सामन्यातल्या दोन गोष्टी मात्र मी येईल-जाईल त्याला ऐकवतो. पहिल्या डावात, 44 व्या चालीला, डीप ब्लूनं आपला हत्ती अशा घरात नेऊन ठेवला की कोणाला अर्थच लागेना. डाव कास्पारोव्हनंच जिंकला. पण ती चाल त्याच्या मनात रुतली. हे यंत्र आपल्याला दिसत नाही असं काहीतरी फार लांबचं बघतंय, असं त्यानं घेतलं. पुष्कळ वर्षांनी डीप ब्लूच्या कर्त्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी सांगितलं की प्रोग्रॅमात घोळ झाला होता. यंत्र गोंधळलं आणि समोर आली ती चाल त्यानं करून टाकली. म्हणजे अंगात आलेला भगत काहीबाही बरळतो आणि ऐकणारा त्यातून गुप्तधनाची जागा काढतो! जगातला सर्वांत मोठा बुद्धिबळपटू असा फसला.

दुसरी गोष्ट दुसऱ्या डावाची. कास्पारोव्हनं डाव सोडला. नंतर लोकांनी पट मांडून दाखवलं की सारखे शह देत राहून तिथं बरोबरी काढता येत होती. त्यानं ती शोधलीच नाही. इतकं चांगलं खेळणारं यंत्र आपल्याला बरोबरी कशी ठेवेल, असं धरूनच तो उठला. यंत्रानं त्याला पटावर हरवलं ते निम्मं. उरलेलं निम्मं त्यानं स्वतःच्या हातानं देऊन टाकलं.

आता हाच रोग टपरीवर आलाय. फरक इतकाच की कास्पारोव्ह निदान खेळून घाबरला. आपण न खेळता घाबरतो आणि वर दुसऱ्याला अक्कल शिकवतो.

हा रोग फक्त अडाण्यांना झालाय असं समजू नका. डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव चालू होता. डाव बरोबरीकडे झुकलेला. 55 व्या चालीला डिंगनं हत्ती चुकीच्या घरात ठेवला. हत्तीला हत्ती, उंटाला उंट गेला आणि 18 वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. जवळजवळ तीन आठवडे ती दोन डोकी कशी पिळून निघाली, ते सगळ्यांनी बघितलं होतं. तरी व्लादिमीर क्रामनिकनं जाहीर केलं की अशा पोरकट चुकीवर जगज्जेतेपद कधी ठरलं नव्हतं. हा क्रामनिक कोण? स्वतः माजी जगज्जेता. नोव्हेंबर 2006 मध्ये, जगज्जेता असताना, बॉनला हा डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमशी खेळत होता. दुसऱ्या डावात त्यानं मोठ्या रुबाबात वजीर हलवला आणि पुढच्याच खेळीला यंत्रानं त्याला मात दिली. एका खेळीतली मात! आमच्या प्राथमिक शाळेतली पोरंसुद्धा मात बसायची भीती असली की आधी वजिराकडे बघतात. सामनाही तो 4-2 असा हरला. त्या दिवशी क्रामनिक माणूस होता. डिंगच्या दिवशी त्याच्या अंगात पट्टी संचारली.

2006 चा हा सामना झाला आणि माणूस-विरुद्ध-यंत्र हा तमाशा खरं तर संपला. त्याच्या आदल्या वर्षी मायकल अॅडम्सनं हायड्रा नावाच्या यंत्राशी सहा डाव खेळून एक बरोबरी मिळवली होती, बाकी पाच हार. 2017 मध्ये अल्फाझिरो नावाचं यंत्र काही तास स्वतःशीच खेळून शिकलं आणि स्टॉकफिश या दुसऱ्या यंत्राशी 100 डाव खेळलं. 28 जिंकले, 72 बरोबरीत, हार एकही नाही. ते यंत्रांचं आपसातलं भांडण. माणसाचा त्यात संबंध उरला नाही. तेव्हाच आपण नमस्कार करून बाजूला व्हायला हवं होतं. पण मग माणसाला हिणवायला काठी कुठली मिळाली असती?

काठी म्हणतो ते उगाच नाही. दोनेक वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेरच्या एका गावी, एका शाळेच्या हॉलमध्ये, 15 वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. मला पंच म्हणून बोलावलं होतं. चौथ्या फेरीत एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा जिंकला. हत्ती आणि राजानं मात दिली. अगदी शिकवल्यासारखी, एकेक आडवी ओळ कापत. उठला तेव्हा त्याच्या चड्डीचा एक खिसा उलटा बाहेर लोंबत होता आणि चेहरा असा, की दिवाळी आली. धावत बाहेर गेला. बाहेर बाप उभा. बापानं दारातून पटाचा फोटो काढून ठेवलेला, तो मोबाइलमधल्या इंजिनाला दाखवलेला. बापाचं पहिलं वाक्य: "सहा चालींत मात होती, तुले दिसली नाही? प्लस नऊ होतं! एवढा टाइम काहून लागला?"

पोरगा म्हणाला, "पण बाबा, मी जिंकलो नं."

बाप म्हणाला, "हे जिंकणं हाये का?"

त्या लेकरानं उलटा खिसा आत घातला आणि बुटाकडे बघत उभा राहिला. पुढच्या फेरीत तो हरला. यंत्राशी खेळून नव्हे, समोरच्या मुलाशी खेळूनही नव्हे. दारात उभ्या असलेल्या बापाशी खेळून. मी त्या बापाला दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "सर, तुमचा जमाना गेला." संयोजकांनी मलाच बाजूला नेलं आणि समजावलं, पालक आहेत, फी भरतात. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. आलं असतं तरी गेलो नसतो, असं मी घरी सांगत असतो.

या बापाला शतरंजाचा श नाही येत, पण त्याच्या खिशात जगज्जेत्यापेक्षा मोठा उस्ताद आहे. सगळं बिघडलं ते इथं. पूर्वी चुकीला चूक म्हणायला माणसाला थोडं तरी शिकावं लागायचं. पारावर बसलेला म्हातारा 'वजीर काढू नको लवकर' म्हणायचा, कारण त्यानं स्वतः तो शंभरदा काढून मार खाल्लेला असायचा. आता चूक दाखवायला अंगठा पुरतो. अंगठेबहाद्दर म्हणजे सही न येणारा, असं आपण म्हणायचो. तो शब्द पुन्हा वापरात आणायला हरकत नाही.

आणि अंगठा एकदा चटावला की तो दुसऱ्याची चूक दाखवून थांबत नाही. 2006 मध्ये दिल्लीच्या एका स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ सापडलं. 10 वर्षांची बंदी आली. 2019 मध्ये इगॉर्स राऊसिस हा ग्रँडमास्टर स्ट्रासबुर्गच्या स्पर्धेत संडासात मोबाइल घेऊन बसलेला सापडला, किताब गेला. 2021 मध्ये करोनाच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद मान्यवरांशी खेळला. त्यात एका तरुण अब्जाधीशानं त्याला चक्क हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कबूल केलं की आपण कॉम्प्युटरची मदत घेतली होती. धर्मादाय कामातसुद्धा माणसाला आनंदकडून हरण्याचा आनंद पुरेना! अहो, आनंदकडून हरायला मिळावं म्हणून मी शिरपूरहून चेन्नईला पायी गेलो असतो.

आता कोणी म्हणेल, म्हातारा इंजिनावर जळतो. नाही जळत. थिपसे, रोहिणी खाडिलकर या जुन्या खेळाडूंच्या पिढीचे हाल मी ऐकून-वाचून आहे. युगोस्लाव्हियातून निघणाऱ्या 'इन्फॉर्मेटर' या निवडक डावांच्या संग्रहाचा एक खंड हाताला लागला तर तो जपून, उसना देऊन-घेऊन वाचायचा. आज नागपूरच्या नाही तर वाशीमच्या पोराला कार्लसनकडे असतो तोच मास्तर फुकट मिळतो. याला मी नाही कशाला म्हणू? दिव्या इंजिन वापरते, विदित गुजराथी वापरतो, सगळेच वापरतात. पण वापरणारा आणि त्याच्या आडून बोलणारा यांत फरक आहे. गुकेशचे गुरू विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बरीच वर्षं इंजिनापासून लांबच ठेवलं होतं. आधी स्वतःच्या डोक्यानं बघ, मग विचार. टपरीवर नेमकं हे पहिलं अर्धं गळून पडलंय.

यंत्राचं एक खरं बळ मात्र आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना कोणी शिकवायला नको. ऑगस्ट 2020. ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम फेरी, भारत विरुद्ध रशिया. आपला कप्तान नाशिकचा विदित. दुसऱ्या लढतीत दिव्या आणि निहाल सरीन यांचं इंटरनेट तुटलं आणि घड्याळ संपून दोघंही हरले. निषेध झाला, चौकशी झाली आणि शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. दिव्या तेव्हा 14 वर्षांची. समोर खेळाडू आहे, डोक्यात चाल आहे, आणि पडदा गप्प. त्या दिवशी टीव्हीवरचे शहाणे हळहळले. आम्ही शिरपुरात नुसते एकमेकांकडे बघून हसलो. आमची मोटर, आमचा सातबारा, आमचा पीकविमा, सगळं याच चालीवर हरत आलंय.

शिरपूरचं म्हणाल तर या गावाला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती इथली. ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा. माझ्या लहानपणी आजोबा मला घेऊन गेले होते. मूर्तीखालून कापड आरपार जातं म्हणतात, ते बघायला मी गुडघे टेकून, गाल फरशीला लावून वाकलो होतो. फरशी गार होती आणि तिला तुपाचा वास येत होता. मला काय दिसलं, ते सोडा. पण मी वाकलो होतो. माझ्या शेजारी एक मारवाडी आजी वाकली होती, तिच्यापलीकडे तिचा नातू. प्रत्येकजण आपापल्या डोळ्यांनी बघून उठला आणि बाहेर येऊन वाद घालत बसला. त्याच मूर्तीवरून दिगंबर आणि श्वेतांबरांचा दावा पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1929 मध्ये निकाल लागला आणि तरी वाद मिटला नाही. 1981 मध्ये दाराला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये निघालं. मधली 42 वर्षं लोकांनी छोट्या झरोक्याला डोळा लावून दर्शन घेतलं. कोणाची बाजू खरी, यात मी पडत नाही. गाव आहे, सगळे आपलेच. पण झरोक्याला डोळा लावणारालाही बघायची तळमळ होती, इतकं मी सांगू शकतो. पट्टी बघणाराला समोर सबंध पट उघडा असून तो दिसत नाही.

आजोबांनी मला खेळ शिकवला तो देशी. प्यादं पहिल्यांदाही एकच घर. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची उडी. पुढे मास्तरकीला लागलो तेव्हा आंतरराष्ट्रीय नियम शिकलो, आणि 1980 च्या दशकात टपालानं खेळायला लागलो. 15 पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर एक खेळी. उत्तर यायला आठवडा, कधी पंधरा दिवस. एक डाव अमरावतीच्या एका कारकुनाशी दीड वर्ष चालला. स्वयंपाकघरातल्या फडताळावर पट मांडलेला. मोहरी हलू नयेत म्हणून बायकोनं तो फळीसकट वर चढवला होता आणि धूळ पुसताना ती प्रत्येक मोहरं उचलून पुन्हा त्याच घरात ठेवायची. तिला खेळ येत नव्हता. दीड वर्षात एकदाही चुकली नाही. डाव बरोबरीत सुटला. तो गृहस्थ मला कधी भेटला नाही. वारल्याचं त्याच्या मुलाच्या पत्रानं कळलं.

आता कबुली. टपरीवरच्या त्या संध्याकाळनंतर, इतका तणतणत घरी आल्यावर, मी ती पोस्टकार्डं ट्रंकेतून काढली. सुतळीनं बांधलेली होती, वरच्या दोनांना कसर लागलेली. नातवाला म्हटलं, हा डाव तुझ्या इंजिनात टाक. नातू खेळी वाचत गेला, मोबाइलवर बोटं चालवत गेला. दहा मिनिटांत दीड वर्ष संपलं. म्हणाला, "आबा, 31 व्या चालीले तुम्ही जिंकत होते. घोडा मारायचा सोडून हत्ती काहून हलवला?"

मी कार्ड हातात घेतलं. त्याची 30 वी खेळी. जून महिन्याचा शिक्का, अर्धवट उठलेला. खेळीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "इकडे अजून थेंब नाही. तुमच्याकडे कसं?"

उत्तरात मी हत्ती लिहिला असणार. खाली काय लिहिलं होतं, ते मात्र स्पष्ट आठवतं: "आमच्याकडे परवा झाला. पेरणी धरली."